भरती नसलेला काठ

किनारी पाणथळ जागांत पर्यटकांसाठी काय बांधावे आणि ते कसे बांधावे, याविषयी जे तांत्रिक ज्ञान आजवर जमा झाले आहे, त्यातील बहुतेक सगळे भरती-ओहोटी गृहीत धरून तयार झालेले आहे. ठाण्याच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते; कांदळवनात खांबांवर उभारलेल्या पायवाटेखाली जे सांडते, त्यातले पुष्कळसे ओहोटीबरोबर समुद्राकडे जाते, आणि म्हणून तेथे जमिनीला कमीत कमी टेकणारे, हवे तेव्हा काढून नेता येईल असे ‘हलके’ बांधकाम केले की परिसरावरचा भार उतरला, असे मानण्याची सवय पडली आहे. वऱ्हाडाला समुद्र नाही. खारे पाणी मात्र आहे, आणि तेही दोन ठिकाणचे : एक पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या, विहिरींना मचूळ पाणी लागणाऱ्या पट्ट्याचे, दुसरे लोणारच्या विवराचे. समुद्रकाठचे नियम या दुसऱ्या पाण्याला लावता येतात का, हा येथील चर्चेचा विषय आहे.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात असले, तरी त्याच्या कारभाराचे धागे अमरावती आणि अकोल्याकडे जातात. महसुली विभाग अमरावतीचा आहे आणि सरोवराभोवतीचे, २००० साली घोषित झालेले अभयारण्य अकोला वन्यजीव विभागाकडे आहे. अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने दख्खनच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडात, पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्याच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे उथळ सरोवर आहे, ज्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी, म्हणजे बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागणारे, आहे. त्याच्या क्षारांचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त साबण आणि काचेच्या संदर्भात येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये या जागेला राष्ट्रीय भूवारसा स्थळ ठरवले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये नांदूर मधमेश्वरनंतरचे महाराष्ट्रातील दुसरे रामसर स्थळ म्हणून, म्हणजे १९७१ च्या पाणथळविषयक आंतरराष्ट्रीय करारान्वये महत्त्व मान्य झालेली जागा म्हणून, त्याची नोंद झाली. २०२२ मध्ये राज्य शासनाने त्याच्या जतन आणि विकासासाठी सुमारे ३७० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केल्यामुळे काय बांधावे हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही.

पुढील संवादातील दोघे काल्पनिक आहेत. अमरावतीच्या वास्तुरचनाकार बाई बांधकामाची बाजू घेतात आणि अकोल्याचे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक न बांधण्याची.

वास्तुरचनाकार बाईंचे पहिले विधान साधे आहे. “सर, माणसे येणारच. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला खाली उतरणारा भाविक फलक वाचून परत फिरत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ती माणसे एका वाटेने उतरावीत की वीस वाटांनी. वाट आखून दिली नाही, तर जो तो आपली आडवाट पाडतो. पायाखालचे गवत मरते, पहिल्या पावसात तेथे ओघळ पडतो, दोन-तीन पावसाळ्यांत ओघळाची घळ होते, आणि उताराची माती सरोवरात जाऊन बसते. न बांधणे म्हणजे निरुपद्रवी राहणे, हा गैरसमज आहे.”

“वाटेबद्दल वाद नाही,” असे प्राध्यापकांचे उत्तर. “पण मॅडम, तुमच्या आराखड्यात वाट एकटी येत नाही. वाटेला थांबा लागतो, थांब्याला सावली, सावलीत बाक, बाकाशेजारी पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि टाकी आली की प्रसाधनगृह. यातली एकेक गोष्ट स्वतंत्रपणे हलकीच असते. ठाण्याच्या खाडीला ती पेलतेही. लोणारला बाहेर जाणारी वाट नाही, हे एवढे एकच कारण इथला हिशेब बदलायला पुरे आहे.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ थोडा उलगडून सांगायला हवा. लोणार हे बंद खोरे आहे, म्हणजे त्यात पाऊस पडतो, ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे झरे उतारावरून उतरतात, भूजलही पाझरते, परंतु त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही; पाणी जाते ते फक्त वाफ होऊन, आणि वाफ होताना त्यात विरघळलेले सर्व काही मागे ठेवून. पाण्याचा खारेपणा याच जमाखर्चातून आलेला आहे. एखाद्या गवंड्याने उतारावर पाटी धुतली, तर त्या पाटीतले सिमेंट सरोवराच्या खात्यात कायमचे जमा झाले. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा नागपूरची नीरी आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे नमुने गेले आणि त्या रंगाचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत सापडले : उष्णतेने पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि त्या खारेपणात हे जीव बहरले होते. रंग पुढे ओसरला. परंतु पाण्याचा तोल किंचित सरकला की सबंध सरोवर त्याची जाहीर नोंद देते, ही गोष्ट त्या उन्हाळ्यात डोळ्यांना दिसली. आणि तोल उलट बाजूने, म्हणजे गावाच्या सांडपाण्यासारख्या गोड्या पाण्याच्या भरीने, सरकला तर तोही त्याच जीवसृष्टीच्या मुळावर येतो.

वास्तुरचनाकार बाई यावर साहित्याचा मुद्दा काढतात, आणि तो त्यांचा जिव्हाळ्याचा मुद्दा असल्याने त्या सविस्तर बोलतात. सिमेंट नकोच असेल, तर मेळघाटातला बांबू आहे. धारणी तालुक्यात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या कामाचे कारागीर घडवले आहेत. कोरकूंच्या घरांत बांबूच्या तट्ट्यावर शेणमातीचा लेप आणि वर कवेलू ही रचना पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेल्या बांबूला भुंगेरा सहजी लागत नाही. असा मांडव एका मोसमात उभा राहतो, त्याचा भार नगण्य असतो, आणि नको झाला की तो उतरवून ट्रॅक्टरवर घालून नेता येतो.

“खारपाणपट्ट्यातल्या भिंती पाहिल्या आहेत ना?” प्राध्यापक विचारतात. “जोत्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत गिलावा फुगून त्याचे पापुद्रे निघालेले असतात, आणि खाली पांढऱ्या भुकटीची रेघ धरलेली असते. त्याला आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. ओल जमिनीतून वर चढते, पाणी उडून जाते, क्षार भिंतीच्या आत स्फटिक धरतात आणि भिंतीला आतून फोडतात. लोण्याला सिमेंट कळत नाही आणि बांबूही कळत नाही. शिवाय बोरॅक्स पाण्यात विरघळते. मातीत रोवलेल्या बांबूतले औषध दोन पावसाळ्यांत धुपून जाईल, आणि ते कुठे जाईल हे आता पुन्हा सांगायला नको.”

“म्हणूनच बांबू मातीत रोवायचा नाही, दगडी उथळ्यावर उभा करायचा,” हे बाईंचे उत्तर बांधकामशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. तरीही बांबू की सिमेंट हा वाद लोणारपुरता दुय्यमच मानावा लागतो. आराखड्यांच्या सादरीकरणात त्याला मोठी जागा मिळते, कारण त्याची चित्रे चांगली येतात; सावलीच्या मांडवाखाली दोन परदेशी पाहुणे उभे असतात, मागे मोर असतो, आणि नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीची रिकामी पाकिटे किंवा वर चढताना दम लागून मध्येच बसलेली आजी यांना त्या चित्रात सहसा जागा नसते. बांधकाम कशाचे आहे, यापेक्षा ते कोठे टेकते आणि त्यातून काय झिरपते, हे प्रश्न अधिक कठीण आहेत, आणि संवादाला खरी धार तेथून येते.

टेकण्याचा प्रश्न प्राध्यापक आपल्या विषयाच्या अंगाने मांडतात. आघाताच्या क्षणी विवरातून उसळलेला दगड भोवतीच्या जमिनीवर पडून त्याचा थर तयार झाला. त्याला उत्क्षिप्त थर म्हणतात, आणि तो काठापासून बाहेर किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे. विवराच्या कडेवर तर बेसाल्टचे मूळचे आडवे थर उचकटून वर वळलेले दिसतात. चंद्रावरील काळपट सपाट प्रदेश आणि मंगळाच्या पृष्ठभागाचा मोठा भाग बेसाल्टचा असल्याने, बेसाल्टमध्ये पडलेले आणि इतके चांगले टिकलेले हे विवर म्हणजे त्या दूरच्या पृष्ठभागांचा पृथ्वीवरचा नमुना आहे.

“काठावर पाहुण्यांसाठी केंद्र बांधायचे म्हणून जेसीबीने तीन फुटांचा खड्डा घेतला,” ते म्हणतात, “तर आत काय दिसेल? लहान-मोठे, कोनेदार, एकमेकांत कालवल्यासारखे पडलेले दगड, आणि त्यांच्या फटींतून भरलेला तपकिरी भुगा. मिस्तरी म्हणेल, हा भराव आहे, साहेब, पाया इथे धरणार नाही, आणखी खाली जाऊ. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु त्या कालवलेल्या दगडांत आघाताच्या दाबाने काच झालेली खनिजे असतात, आणि कोणता दगड कोणत्या खोलीवर कसा पडला आहे, हाच त्या घटनेचा लेखी पुरावा असतो. अभयारण्यात पक्ष्यांसाठी जागा राखतात. इथे खुद्द जमीन राखायची आहे. हलक्या बांधकामाच्या पुस्तकांत जमीन ही फक्त आधार म्हणून येते.”

या ठिकाणी एक नोंद करणे रास्त ठरेल : हातोडी घेऊन येणाऱ्या अभ्यासकांनीही या जमिनीचे तुकडे नेलेच आहेत, आणि लोणार गाव तर या थरावरच वसलेले आहे. प्राध्यापकांना हे ठाऊक नाही असे नाही. ते त्याचा उल्लेख टाळतात, इतकेच.

वास्तुरचनाकार बाई मात्र हा मुद्दा मनापासून स्वीकारतात आणि त्यामुळे त्यांचा आराखडा बदलतो. खणायचे नसेल, तर जोते जमिनीवर ठेवता येते : जागच्या जागी पडलेले सुटे दगडही न हलवता, बाहेरून आणलेल्या घडीव दगडांची चुन्याशिवाय रचलेली बैठक, जिचे वजन पसरलेले असेल आणि जिला पायाच नसेल. “लोणार गावातले दैत्यसूदनाचे मंदिर ज्या परंपरेतले आहे, त्या परंपरेत दगडात दगड बसवूनच काम होत असे,” त्या म्हणतात. “शिवाय, सर, विवराच्या आत, अगदी पाण्याच्या काठाशी, शतकानुशतके मंदिरे उभी आहेतच. त्यांनी सरोवर बिघडवले असे कोणी म्हणत नाही.”

“मंदिरांनी सरोवर बिघडवले नाही; सरोवर मंदिरांना बुडवू लागले आहे,” असे प्राध्यापक म्हणतात. अलीकडच्या वर्षांत पाणी वाढून काठची मंदिरे पाण्याने वेढली गेली, आणि त्यामुळे काठ म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न उभा राहिला. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळविषयक नियमांत, मागील दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत, नावेचा धक्का वगळता, कायम स्वरूपाचे बांधकाम करण्यास मनाई आहे. संरक्षित पुरातन वास्तूंभोवती १०० मीटरांचा प्रतिबंधित पट्टा असतो. अभयारण्यात व्यापारी पर्यटक निवास बांधायचा, तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाची पूर्वसंमती लागते. कागदावर पाहिले, तर सरोवराच्या काठी बांधायला जागा उरतच नाही, असे वाटावे. परंतु यांतली पहिली रेषा मागच्या दहा वर्षांवरून आखायची आहे, आणि लोणारचे पाणी मागच्या दहा वर्षांसारखे वागेल अशी हमी नाही. काठाचा उतार वीसास एक असेल, तर पाणी एक मीटर चढले की काठ वीस मीटर मागे सरकतो. अडीच मीटर चढले, तर ५० मीटरांचा सगळा पट्टा पाण्याखाली गेला. खाडीतही पाणी सरकते, पण ते कोणत्या तिथीला कुठवर येईल हे कोळ्याला पाठ असते.

येथपर्यंत प्राध्यापकांची बाजू वरचढ दिसते. त्यानंतरचा बाईंचा युक्तिवाद मात्र त्यांना निरुत्तर करतो, आणि तो साध्या हिशेबाचा आहे. काठापासून पाण्यापर्यंतची खोली सुमारे १३५ मीटर, म्हणजे पंचेचाळीस मजल्यांची चढण. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. “या चढणीवर सावली नको, पाणी नको, बसायला जागा नको, असे म्हणणे म्हणजे फक्त धडधाकट तरुणांनी यावे असे म्हणणे. भोवळ येऊन पडलेल्या माणसाला वर आणायला किती पाय उताराला लागतील, याचाही परिणाम मोजा, सर.”

प्राध्यापक थोडा वेळ गप्प राहतात. नंतर ते झाडांकडे वळतात. विवरात पसरलेली वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आलेले आणि मूळच्या झाडोऱ्याला दाबून टाकणारे काटेरी झाड, काढण्याचे काम वनखात्याने हाती घेतलेले आहे. त्या मोकळ्या जागी वाटेच्या कडेला कडुनिंबासारखी जुनी सावली वाढू द्यावी, आणि थांबा म्हणजे झाड, असे धरावे. बाईंना हे लगेच पटते, कारण त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : पार. गावोगावी वडा-पिंपळाभोवती दगडांचा पार असतो, त्यावर माणसे टेकतात, आणि त्याला कोणी वास्तुरचना म्हणत नाही. प्राध्यापकांची त्यावरही हरकत येते, की बुंध्याला घट्ट चिकटवून भराव घातलेल्या पाराखाली मुळे गुदमरतात आणि गावातली कितीतरी झाडे अशीच वाळली आहेत. तेव्हा पार बुंध्यापासून सुटा, अर्ध्या वर्तुळाचा आणि आत भराव न घातलेला असावा. वीस मिनिटांच्या मतभेदांनंतर दोघांच्या सहमतीने उभी राहिलेली ही पहिली वस्तू. तिची चित्रे मात्र तितकीशी चांगली येणार नाहीत.

उरतो झिरपण्याचा प्रश्न, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग प्रसाधनगृहाचा. वास्तुरचनाकार बाईंनी त्यासाठी एक नेमका नियम शोधला आहे. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असल्याने कडेचा माथा ही पाणलोटरेषा ठरते : माथ्याच्या आत पडलेले पाणी सरोवराकडे जाते, बाहेर पडलेले रानाकडे. म्हणून पाण्याशी संबंध असलेली प्रत्येक सोय, नळ, स्वयंपाकघर, शौचालय, गाडी धुण्याची जागासुद्धा, माथ्याच्या बाहेर. आत फक्त पायऱ्या, कठडा आणि पार. चिखलदऱ्याच्या स्कायवॉक प्रकल्पाच्या धर्तीवर लोणारच्या कडेवरही काचेचा सज्जा काढावा, ही मागणी उद्या आलीच, तर हाच नियम लावून ती बाजूला ठेवता येईल.

“नियम सुरेख आहे, फक्त भूजलाला तो माहीत नाही,” असे प्राध्यापक म्हणतात. आघाताने आणि मुळातच भेगाळलेल्या बेसाल्टमधून बाहेरच्या उतारावर मुरलेले पाणी आतल्या भिंतीतील झऱ्यांतून सरोवरात उतरू शकते. बाहेर शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, घेतला आणि केंद्रासमोर हिरवळ लावून तिला रोज पाणी दिले, तर माथ्याची रेषा कागदावरच राहील. हिरवळीचा मुद्दा बाई तत्क्षणी सोडतात. शोषखड्ड्याऐवजी त्या पूर्ण बंद टाकी, तिचा टँकरने उपसा आणि उत्क्षिप्त थराच्या पलीकडे प्रक्रिया सुचवतात, आणि पर्यटकांची संख्या त्या टाकीच्या क्षमतेवरून ठरवावी, असेही म्हणतात : टाकी भरली की फाटक बंद. धारण क्षमता, म्हणजे जागेला पेलतील इतकीच माणसे, ही कल्पना व्यवस्थापनाच्या ग्रंथांत पुष्कळ सूत्रांनी मांडलेली असते. टाकीच्या झाकणाशी बांधलेली ही व्याख्या त्या सूत्रांपेक्षा अधिक पाळली जाईल, असे मानायला जागा आहे.

एका बाबतीत मात्र दोघांचे जमत नाही. काढता येण्याजोगे बांधकाम काढले जाईल, यावर बाईंचा विश्वास आहे. निविदेतच उतरवण्याची रक्कम आणि तारीख घालावी, असा त्यांचा उपाय आहे. प्राध्यापकांना तात्पुरते म्हणून उभे राहिलेले आणि त्यानंतर वीज, मग फरशी, मग शटर मिळालेले पत्र्याचे शेड प्रत्येक तालुक्याच्या गावी दिसते. या मुद्द्यावर झुकते माप प्राध्यापकांनाच द्यावे लागते, कारण बांबूची बांधणी सुटी करता आली, तरी शेडभोवती जमलेली सवय सुटी करण्याची पद्धत कोणत्याही निविदेत अजून लिहिलेली नाही.

“मग पाण्याच्या काठी काहीच नको?” बाई शेवटी विचारतात.

“एक पट्टी हवी,” प्राध्यापक म्हणतात. “पाण्याची पातळी दाखवणारी, सेंटिमीटरच्या खुणा असलेली, खडकाला टेकवलेली. तिच्यावरचा आकडा रोज नोंदवला जावा. पूररेषा, ५० मीटर, तुमचा पार, सगळे त्या आकड्यावरून ठरेल.”

“ती वाचायला जाणारा माणूस कोणत्या वाटेने जाईल?”

“कमळजेच्या वाटेने.”

“पाणी चढले की ती वाट बुडते, सर.”

प्राध्यापक समोरचा नकाशा आपल्याकडे ओढतात आणि बोटाने काठ धरून दुसरी वाट शोधू लागतात.